अंगावरचे बिऱ्हाडकरू



एप्रिल उजाडला की आपल्या वस्त्यांतून दोन गोष्टींची लगबग एकदमच सुरू होते. एकीकडे जयंतीची वर्गणी, मंडप, मिरवणूक. दुसरीकडे मंगल परिणयाच्या तारखा. कुणाकडे पाहुणे मुलगी पाहायला यायचे असतात, कुणाच्या घरी पत्रिका छापून आलेल्या असतात. नेमके याच दिवसांत ऊन चढते, अंग घामेजते आणि कुणाच्या मानेवर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या छातीवर फिकट ठिपके उमटू लागतात. मग घरात कुजबुज सुरू होते. कुणी म्हणते कोड फुटले, कुणी दबक्या आवाजात महारोगाचे नाव घेते, तर कुणी अंघोळ नीट करत नाही म्हणून पोरीलाच बोल लावते. ती बिचारी भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत ओढणी गुंडाळून वावरते. मुलगा असेल तर विहिरीवर पोहायला जायचे टाळतो.

असे डाग पुष्कळदा शिबे असतात. शिबे का येतात हे समजले तर निम्मी भीती तिथेच संपते. म्हणून या आठवड्यात आम्ही आपल्या सर्वांच्या कातडीवर जन्मापासून बिऱ्हाड करून राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सोबत्यांची ओळख करून देणार आहोत. शास्त्रज्ञ त्यांना यीस्ट म्हणतात. मराठीत किण्व किंवा खमीर असा शब्द आहे.

यीस्ट हा शब्द आपल्या नगर जिल्ह्याला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याला, नवा नाही. १९५०-५१ च्या गळीत हंगामात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतर प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या कालव्यांकाठी कारखान्यांची रांगच उभी राहिली. साखर निघाल्यावर उरते ती मळी, आणि डिस्टिलरीत त्या मळीचे मद्यार्क करतात ते यीस्ट. एका पेशीची ही बुरशी. मळीतली साखर खायची आणि मद्यार्क व वायू बाहेर टाकायचा, हा तिचा धंदा. बेकरीतला पाव फुगतो तोही तिच्याच वायूने.

कातडीवरचे यीस्ट या बुरशीच्याच मोठ्या कुळातले, पण दूरच्या भाऊबंदकीतले. त्यातले प्रमुख यीस्ट म्हणजे मॅलेसेझिया. त्याला साखर आंबवता येत नाही. त्याला लागते तेल. आपल्या केसांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून जो तेलकट पदार्थ पाझरतो, त्यावर ते जगते. २००७ साली शास्त्रज्ञांनी मॅलेसेझियाच्या एका जातीची संपूर्ण जनुकीय मांडणी वाचून काढली. त्यात असे आढळले की चरबीचे घटक स्वतः तयार करण्याचे जनुकच या जीवाजवळ नाही. म्हणजे हा बिऱ्हाडकरू स्वतःची चूल मांडत नाही. घरमालकाच्या तेलाच्या बुधलीवर त्याचा सगळा संसार. प्रयोगशाळेत त्याला वाढवायचे असले तर अन्नाच्या थरावर ऑलिव्हचे तेल ओतावे लागते.

या जीवाचा शोध लागायलाही शिबे आणि कोंडाच कारणी पडला. १८४६ साली आइखश्टेट या जर्मन वैद्यकाने शिब्यांच्या खपल्यांत बुरशी पाहिली. १८७४ साली फ्रान्सच्या मालासे याने डोक्यातल्या कोंड्यात गोलसर पेशी पाहिल्या, आणि १८८९ साली त्याच्याच नावावरून या कुळाला मॅलेसेझिया हे नाव मिळाले. पुढे कितीतरी वर्षे या कुळात मोजक्याच जाती मानल्या जात. १९९६ साली नव्याने तपासणी होऊन सात जाती निश्चित झाल्या आणि आज ती संख्या बरीच पुढे गेली आहे. काही जाती जनावरांच्या अंगावर राहतात. त्यातली एक १९२५ साली भारतीय गेंड्याच्या कातडीवर सापडली होती. तीच जात कुत्र्यांच्या कानात आणि कातडीवर नेहमी आढळते.

हे यीस्ट अंगावर राहते कुठे? कातडी सगळीकडे सारखीच, असे आपल्याला वाटते. पण आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. चौदा तालुके एकाच जिल्ह्यातले, पण पश्चिमेला अकोल्यात, घाटघर-भंडारदऱ्याला, पावसाची झड लागते आणि भाताची खाचरे तुडुंब भरतात. राहुरी, श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव हा कालव्याचा पट्टा हिरवागार. आणि पाथर्डी, कर्जत, जामखेडला पाण्यासाठी डोळे आभाळाकडे. जिथे जसे पाणी आणि जमीन, तिथे तसे पीक.

अंगाचेही तसेच आहे. डोके, कपाळ, नाकाच्या कडा, कानामागची जागा, छातीचा मधला भाग आणि पाठीचा वरचा भाग हा आपला कालव्याचा पट्टा. फरक एवढाच की इथे पाण्याऐवजी तेल पाझरते. मॅलेसेझियाची मोठी वस्ती इथेच. काख, जांघ, स्तनाखालची घडी, पायाच्या बोटांमधली बेचकी हे अकोल्याच्या घाटातले ओले कोपरे. पोटऱ्या आणि हाताचा कोपराखालचा भाग म्हणजे कोरडवाहू रान. तिथे वस्ती विरळ. तळहात आणि तळपाय यांना तर तेलाच्या ग्रंथीच नसतात.

२०१३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दहा निरोगी माणसांच्या अंगावरील चौदा जागा तपासल्या. डोके, धड आणि हात यांच्यावरील अकराही जागी मॅलेसेझियाचेच राज्य होते. पाय मात्र निराळे निघाले. टाच, अंगठ्याचे नख आणि बोटांच्या बेचक्या या तीन जागी कितीतरी प्रकारच्या बुरश्या नांदत होत्या. एकट्या टाचेवर सुमारे ऐंशी कुळांतल्या. पाय माती तुडवतो, पाणी तुडवतो, बुटात कोंडला जातो. तेव्हा त्याच्याकडे पाहुण्यांची वर्दळ असणारच.

वयाप्रमाणेही ही वस्ती वाढते आणि ओसरते. बाळ जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आईच्या आणि घरच्यांच्या अंगावरून हे यीस्ट त्याच्याकडे येते. त्या वेळी आईच्या शरीरातील संप्रेरकांच्या प्रभावाने बाळाच्या कातडीत तेलही बऱ्यापैकी असते. कित्येक बाळांच्या टाळूवर पिवळट, तेलकट खपल्या धरतात, त्यात या यीस्टचाही हात असतो. पुढे बाळपणी तेल कमी होते, वस्ती पातळ होते. मुलगा-मुलगी वयात आली की ग्रंथी पुन्हा जोमाने पाझरू लागतात आणि बिऱ्हाडकरूही वाढतात. म्हणूनच शिबे आणि कोंडा हे विशेषकरून तरुण वयाचे दुखणे. लग्नाचे वय आणि शिब्यांचे वय एकच असावे, हा निसर्गाचा योगायोग. त्याची शिक्षा मात्र आपण मुलींना देतो.

आता शिबे उठतात कशी ते पाहू. एरवी हे यीस्ट गोल, सुट्या पेशींच्या रूपात शांतपणे राहते. उष्मा, घाम, तेलकटपणा वाढला, कपडे ओले राहिले, किंवा शरीराची प्रतिकारशक्ती काही कारणाने कमी झाली, की त्या पेशींतून बारीक धागे फुटतात आणि ते कातडीच्या अगदी वरच्या थरात पसरतात. काहींची कातडी मुळातच त्याला जास्त अनुकूल असते, त्यामुळे एकाच घरात दोघा-तिघांना शिबे येतात. पसरताना हे यीस्ट काही आम्ले तयार करते. त्यातले ॲझेलेइक आम्ल कातडीला रंग देणाऱ्या पेशींचे काम मंदावते, आणि ती जागा फिकट दिसू लागते. उन्हाने भोवतालची कातडी रापते, डाग तेवढा तसाच राहतो आणि जास्तच उठून दिसतो. काहींच्या अंगावर हेच डाग तपकिरी किंवा लालसरही असतात.

शिबे ओळखण्याची एक साधी खूण आहे. डागावर नखाने हलकेच घासले की पिठासारखा बारीक कोंडा सुटतो. डॉक्टर तो कोंडा काचपट्टीवर घेऊन त्यावर औषधाचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आखूड धागे आणि गोल पेशी यांची ती गर्दी शेवयांच्या तुकड्यांत साबुदाणा मिसळल्यासारखी दिसते. काही मिनिटांची आणि कमी खर्चाची ही तपासणी आहे.

इथे आम्हाला थोडे थांबून एक गोष्ट सांगायची आहे. शिबे घाणीने येत नाहीत. ज्याला शिबे आहेत त्याच्या अंगावर काही निराळा जीव शिरलेला नसतो. त्याच्यावर जो जीव आहे तोच त्याला नावे ठेवणाऱ्याच्याही अंगावर आहे. गावच्या पाटलाच्या कपाळावर, पुजाऱ्याच्या छातीवर, डॉक्टरच्या आणि कलेक्टरच्या कानामागे, सगळीकडे हाच बिऱ्हाडकरू. म्हणूनच शिबे एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर लागतात असे वैद्यकशास्त्र मानत नाही. एका ताटात जेवल्याने, एका पलंगावर बसल्याने, हात हातात घेतल्याने ती होत नाहीत.

आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले की तुमच्या स्पर्शाने विटाळ होतो. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला, तर सनातन्यांनी शेण आणि गोमूत्राच्या घागरी ओतून ते तळे म्हणे शुद्ध करून घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली माणसाची कातडी ठेवा. तिथे शुद्ध आणि अशुद्ध असा भेद सापडत नाही. ज्या समाजाने विटाळाचा हा जाच सोसला, त्याच समाजातल्या एखाद्या घरात अंगावरच्या डागावरून सुनेचे ताट-वाटी बाजूला ठेवली जाते, तेव्हा आम्हाला वाईट वाटते. बाहेरचा विटाळ आपण झुगारला. घरातला विटाळ आपणच पाळायचा का?

मात्र प्रत्येक पांढरा डाग शिबेच असेल असे समजून गप्प बसणेही धोक्याचे. म्हणून चार प्रकारांतला फरक माता-भगिनींनी ध्यानात ठेवावा.

पहिला प्रकार शिबे. घासल्यावर बारीक कोंडा सुटतो, स्पर्शज्ञान शाबूत असते, घामात थोडी खाज येते.

दुसरा प्रकार कोड. हा डाग दुधासारखा पांढराफेक असतो, त्यावर कोंडा नसतो, कधी कधी तिथले केसही पांढरे होतात. कोडात शरीराची स्वतःचीच संरक्षणशक्ती रंगाच्या पेशींवर उलटते. तो संसर्गाने होत नाही, महारोगाशी त्याचा काही संबंध नाही, आणि त्यावरही उपचार आहेत.

तिसरा प्रकार लहान मुलांच्या गालावरचे पांढुरके, किंचित खरखरीत चट्टे. पोटात जंत झाले किंवा कॅल्शियम कमी पडले म्हणून ते येतात, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. ती कोरड्या कातडीची तक्रार असते आणि वाढत्या वयात बहुधा आपोआप जाते.

चौथा प्रकार कुष्ठरोग. फिकट किंवा लालसर चट्टा, आणि त्या जागी बधिरपणा. डोळे मिटून कापसाचा बोळा फिरवला तरी कळत नाही, गरम-थंड समजत नाही. असा चट्टा दिसला तर एक दिवसही न दवडता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने ती घ्यावी लागतात आणि रोग पूर्ण बरा होतो. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीतीही उरत नाही. पूर्वी कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात नोंदलेले होते. २०१९ साली संसदेने कायदा बदलून ते कारण काढून टाकले. कायद्याने जे पुसले ते आपल्या मनात शिल्लक राहू नये.

शिब्यांवरचा इलाज साधा आहे. डॉक्टर बहुधा किटोकोनॅझोल किंवा सेलेनियम सल्फाइड असलेला शाम्पू अंगावर लावायला सांगतात. तो डागांवर आणि भोवतालच्या कातडीवर लावून पाच-दहा मिनिटे तसाच ठेवायचा आणि मग धुऊन टाकायचा. किती दिवस करायचे ते डॉक्टर सांगतील. गरोदर भगिनींनी आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी विचारल्याशिवाय काहीच लावू नये. गजकर्णासाठी पूर्वी सर्रास देत त्या ग्रिसिओफुल्विनच्या गोळ्यांचा या यीस्टवर काहीच परिणाम होत नाही. आणि किटोकोनॅझोलचा शाम्पू चालतो म्हणून त्याच्या गोळ्या कुणी मनाने घेऊ नयेत. त्या यकृताला अपाय करू शकतात. २०१३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कातडीच्या बुरशीसाठी त्या वापरू नयेत असे बजावले.

औषधाने यीस्ट आटोक्यात आले तरी डाग लगेच जात नाही, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. कातडीला पुन्हा रंग भरायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. घासल्यावर कोंडा सुटत नसेल तर औषधाने काम केले असे समजावे आणि धीर धरावा. औषध लागू पडले नाही म्हणून चार दिवसांनी डॉक्टर बदलणारे, अंगारे-धुपारे करणारे आणि मग भलतेच मलम चोळणारे पुष्कळ असतात. मंगल परिणय जूनमध्ये असेल तर मार्चमध्येच डॉक्टरांना दाखवलेले बरे. पुढच्या उन्हाळ्यात शिबे पुन्हा उठली तर त्यात कुणाचा दोष नाही. बिऱ्हाडकरू घर सोडून गेलेलाच नसतो. तो फक्त आटोक्यात ठेवायचा असतो.

भलत्या मलमांविषयी थोडे अधिक सांगायला हवे. मेडिकल दुकानात खाजेचे मलम द्या म्हटले की पुष्कळदा एक ट्यूब हातावर ठेवली जाते. तिच्यात बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि जोडीला तेज स्टेरॉइड अशी मिसळ असते. लावल्याबरोबर खाज थांबते, म्हणून तीच ट्यूब घरभर फिरते. पण स्टेरॉइड कातडीची प्रतिकारशक्ती दडपते. बुरशी आतल्या आत पसरते, कातडी पातळ होते, चेहऱ्यावर पुरळ आणि लाली येते. गेल्या काही वर्षांत देशभर गजकर्ण औषधांना दाद देईनासे झाले, त्यामागे या मिसळ मलमांचा मोठा हात आहे असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम आहे, पण ट्यूबवरील नाव वाचून नाही म्हणण्याची सवय आपल्यालाच लावावी लागेल. गोरे करण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक मलमांतही हेच स्टेरॉइड असते, हे आमच्या तरुण भगिनींनी विसरू नये.

कोंड्याची गोष्टही याच बिऱ्हाडकरूची. डोक्यातल्या तेलाचे तुकडे करून मॅलेसेझिया त्यातले हवे ते खाते आणि नको ते मागे ठेवते. मागे उरलेल्या त्या आम्लांनी काहींच्या डोक्याची कातडी चुरचुरते, भराभर सुटते आणि खांद्यावर कोंडा पडतो. आपल्याकडे उपाय ठरलेला, डोक्यावर तेल थापायचे. तेलाने कोंडा चिकटून बसतो, दिसत नाही, म्हणून बरे वाटते. पण तेल हे कोंड्याचे औषध नव्हे. आवडत असेल तर तेल अवश्य लावावे, थोडे लावावे आणि धुऊन टाकावे. कोंड्यासाठी औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे डोक्यावर ठेवून, मगच धुवावा. बाळाच्या टाळूवरच्या खपल्या नखाने किंवा फणीने ओरबाडू नयेत. थोड्या तेलाने त्या मऊ कराव्यात, मग हलक्या हाताने डोके धुवावे. काही महिन्यांत त्या आपोआप जातात.

आता ओल्या कोपऱ्यांतला दुसरा बिऱ्हाडकरू. त्याचे नाव कॅन्डिडा. त्याचे मूळ घर तोंडात आणि आतड्यात. कातडी सतत ओली राहिली की तो तिथे हातपाय पसरतो. दिवसभर धुणी-भांडी करणाऱ्या भगिनींच्या नखांची मुळे सुजतात, दुखतात, आपण नखुरडे झाले म्हणतो. त्यातल्या जुनाट प्रकारात कॅन्डिडा पुष्कळदा असतो. लंगोटात ओले राहिलेल्या बाळाच्या जांघेत लाल चट्टे उठतात, लठ्ठ व्यक्तीच्या स्तनाखाली किंवा पोटाच्या घडीत कातडी सोलवटते, म्हाताऱ्या माणसांच्या ओठांचे कोपरे फाटतात, तिथेही तोच. पावसाळ्यात अकोल्याच्या खाचरांत भाताची लावणी करणाऱ्यांच्या पायांना चिखल्या होतात. त्यात यीस्ट, इतर बुरश्या आणि जंतू सगळेच हात धुऊन घेतात.

औषधाइतकेच इथे कोरडेपण महत्त्वाचे. शेतातून आल्यावर पाय धुवावेत, जुन्या सुती लुगड्याच्या फडक्याने बोटांच्या बेचक्या एकेक करून पुसाव्यात, आणि रात्री पाय उघडे ठेवावेत. भांडी झाल्यावर हात कोरडे करावेत. घडीच्या जागी असे चट्टे वारंवार उठत असतील, किंवा एक बरे होईतो दुसरे निघत असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. मधुमेहाची पहिली वर्दी कित्येकांना कातडीवरूनच मिळते. बाळाच्या जिभेवर न पुसला जाणारा पांढरा थर असेल तर बाळाबरोबर आईलाही डॉक्टरांना दाखवावे.

स्वच्छतेचे धडे देणारे लेख आम्हीही वाचतो. दिवसातून दोनदा अंघोळ करा, रोज कपडे बदला, असे त्यांत लिहिलेले असते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ज्या भगिनी ऊसतोडीला जातात, सहा-सहा महिने कोपीत राहतात, दोन हंडे पाण्यासाठी पहाटे उठतात, त्यांना हा उपदेश कसा करायचा? पण हाती थोडेच पाणी असले तरी काही गोष्टी होतात. घामाचे कपडे अंगावर वाळू न देता काढावेत आणि उन्हात टाकावेत. ऊन फुकट आहे. एका तांब्यात फडके भिजवून मान, काखा, पाठ पुसावी आणि कोरडी करावी. औषधी शाम्पू लावून दहा मिनिटे ठेवायचा, त्या वेळात चूल पेटवून घ्यावी, मग दोन तांबे पाण्यात अंग धुवावे. तेवढेही पुरते. पाणी कमी पडले म्हणून शिबे उठली, हा त्या भगिनीचा कमीपणा नव्हे. तिला बोल लावण्याआधी तिच्या कोपीपर्यंत पाणी का पोचत नाही हे विचारावे.

शेवटी दवाखान्याविषयी. निरोगी माणसाला हे यीस्ट फार त्रास देत नाहीत. पण कमी दिवसांचे बाळ किंवा अतिदक्षता विभागातला रुग्ण यांच्या शिरेत नळी असते, अंगात ताकद नसते. तिथे कातडीवरचा साधा बिऱ्हाडकरू रक्तात शिरू शकतो. १९९८ साली अमेरिकेत अशी घटना प्रसिद्ध झाली. नवजात बाळांच्या विभागात मॅलेसेझियाचा संसर्ग झाला होता. शोध घेता असे दिसले की कर्मचाऱ्यांच्या घरच्या पाळीव कुत्र्यांवरील यीस्ट त्यांच्या हातांवाटे बाळांपर्यंत पोचले असावे. हात नीट धुण्यावर कटाक्ष ठेवला आणि साथ थांबली. २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात कॅन्डिडा ऑरिस नावाचे नवेच यीस्ट सापडले. ते कातडीवर, विशेषतः काखेत आणि जांघेत, दीर्घकाळ टिकते आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. २०१३ पर्यंत भारतातील रुग्णालयांतही त्याची नोंद झाली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरश्यांची यादी केली, त्यात त्याला सर्वांत गंभीर गटात ठेवले. म्हणून रुग्णाला भेटायला जाताना आणि भेटून निघताना साबणाने हात धुवावेत, रुग्णाच्या पलंगावर बसू नये, आणि दहा-बारा जणांनी मिळून दवाखाना भरू नये. रुग्णाच्या मायेपोटी एवढे पाळावे.

तर बंधु-भगिनींनो, या उन्हाळ्यात घरात कुणाच्या अंगावर डाग दिसला तर चार गोष्टी कराव्यात. उजेडात नीट पाहावे. नखाने हलके घासून कोंडा सुटतो का बघावे. कापसाचा बोळा फिरवून स्पर्श कळतो का ते विचारावे. आणि मग त्या मुलीला किंवा मुलाला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे. तोवर तिचे ताट आपल्याच पंगतीत असू द्यावे, तिचा टॉवेल आपल्याच दोरीवर वाळू द्यावा. आणि सोयरिकीच्या घरी डाग पाहून कुणी नाक मुरडले, तर त्यांना शांतपणे सांगावे की पाहुणे, हेच यीस्ट तुमच्याही कानामागे आहे.